रसाचे रसायन

दुकानातला बाटलीबंद फळांचा रस जन्माला आला तोच मुळी त्याची दारू होऊ नये म्हणून. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावचे थॉमस वेल्च व्यवसायाने दंतवैद्य, पंथाने मेथडिस्ट आणि दारूचे कट्टर विरोधक. चर्चमधल्या प्रभुभोजनाला मद्याऐवजी काय वापरावे या विवंचनेत असताना १८६९ साली त्यांनी पाश्चरची युक्ती द्राक्षाच्या रसावर लावून पाहिली. रस बाटल्यांत भरला, बाटल्या तापवल्या, आतले यीस्ट मेले आणि रस आंबायचा राहिला. नगरला १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची माणसेही याच मद्यविरोधी हवेतली. आज सावेडीत किंवा संगमनेरला एखाद्या मोठ्या दुकानात सफरचंदाच्या रसाचे खोके फळीवर उभे दिसतात, ते वेल्च यांच्याच वंशातले. त्या रसात पुन्हा यीस्ट सोडायचे, त्याची सायडर करायची आणि तिला दुसऱ्या एखाद्या फळाचा गंध द्यायचा, हा इंग्लंड-अमेरिकेतला घरगुती छंद म्हणजे वेल्च यांच्या सगळ्या खटपटीवर बोळा फिरवणे.

नगर जिल्ह्यात सायडर हा शब्द लोकांना माहीत आहे तो बहुधा वजन उतरवण्याच्या नादात घेतल्या जाणाऱ्या व्हिनेगरच्या बाटलीवरून. मद्य म्हणून सायडरशी इथे कुणाची ओळख नाही, आणि सफरचंद तर इथले पीकच नाही. हिमाचलच्या हरिमन शर्मा यांनी शोधलेल्या, कमी थंडीत फळणाऱ्या 'एचआरएमएन-९९' या वाणाची झाडे राज्यात काही हौशी शेतकऱ्यांनी लावून पाहिली आहेत, पण त्यातून रस काढण्याइतका माल निघेल ही आशा आज धरू नये. तरीही हा प्रश्न नगरच्या अंगणातला आहे असे मला वाटते. इथे राहात्याचे पेरू आहेत, संगमनेर-राहाता भागातली डाळिंबे आहेत, श्रीगोंद्याची लिंबे आहेत, अकोले तालुक्याच्या डोंगरात करवंदे-जांभळे आहेत. आंबवण्याची विद्याही आहे. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे. आणि मद्यार्काची तर कमतरताच नाही. १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्या मागोमाग जिल्हाभर कारखाने झाले आणि मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या डिस्टिलऱ्या आल्या. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरची ब्रँडी दक्षिणेतल्या राज्यांत खपते. म्हणजे एका टोकाला मळीच्या टाक्या, दुसऱ्या टोकाला ओढ्याकाठची हातभट्टी, आणि मध्ये फळाला कुठेच जागा नाही. देशी दारूच्या बाटलीवर 'संत्रा' लिहिलेले असते खरे, पण आतला मद्यार्क मळीचाच असतो. संत्र्याचा असतो तो वास.

आधी रसाची गोष्ट पाहू, कारण घरगुती सायडरचे निम्मे अपयश खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले असते. 'ज्यूस' आणि 'फ्रूट ड्रिंक' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरीत फळाचा रस १० टक्के असला तरी चालतो, बाकी पाणी आणि साखर. पार्ले अ‍ॅग्रोने १९८६ साली अ‍ॅपी आणि २००५ साली अ‍ॅपी फिझ आणले, तेव्हापासून आपल्याकडच्या एका पिढीला सफरचंदाच्या रसाची चव म्हणजे हीच पेये वाटतात. आंबवायला त्यांचा उपयोग नाही. जो खरा 'ज्यूस' म्हणून मिळतो तोही बहुतेक वेळा आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेला असतो. असा रस '१००% फळांचा रस' म्हणून विकू नये, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले आणि लेबलांवरून ते शब्द काढायला लावले. आंबवण्याच्या दृष्टीने आटवलेला रस वाईट नाही. फक्त त्यात यीस्टला लागणारे नत्र अगदी कमी असते. उपाशी यीस्ट मग कुजक्या अंड्यासारखा वास सोडते. म्हणून जाणकार चिमूटभर यीस्ट-खाद्य घालतात.

खरा अडसर परिरक्षकांचा. लेबलवर आयएनएस २०२ दिसले तर ते पोटॅशियम सॉर्बेट, २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट, २२३ किंवा २२४ म्हणजे गंधकाचे क्षार. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची वाढ थांबवते, परिणाम तोच. माणूस चार दिवस बरणीकडे बघत बसतो आणि बुडबुडा येत नाही. स्क्वॅश आणि सिरपांत हे पदार्थ हमखास असतात. निर्जंतुक करून टेट्रापॅकमध्ये भरलेल्या रसात त्यांची गरज नसते, त्यामुळे आंबवायला तो बरा. ३०० (ॲस्कॉर्बिक आम्ल) किंवा २९६ (मॅलिक आम्ल) असे आकडे दिसले तर घाबरायचे कारण नाही.

त्याच लेबलवर पोषणमूल्यांचा तक्ता असतो आणि तिथे होणाऱ्या सायडरची ताकद आधीच लिहून ठेवलेली असते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का मद्यार्क तयार होतो. १०० मिलिलिटरमध्ये ११ ग्रॅम साखर असेल तर लिटरला ११० ग्रॅम, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास. कडक बिअरच्या जवळपास. ज्यांना नेमके माप हवे ते हायड्रोमीटर वापरतात. सफरचंदाच्या रसाची घनता १.०४५ ते १.०५० असते, ती उतरत १.००० किंवा त्याखाली गेली की साखर संपली. दूध तपासायचा लॅक्टोमीटर हे त्याच जातीचे उपकरण. दुधाच्या या जिल्ह्यात ते गावोगाव आहे, पण त्याची पट्टी १.०४० च्या आसपास संपते आणि रसाची सुरुवातच त्याच्या पुढे होते.

पुढची कृती इतकी साधी आहे की तिच्यावर पुस्तके कशी लिहिली जातात याचे नवल वाटावे. स्वच्छ भांडे, रस, वाइनचे किंवा शॅम्पेनचे यीस्ट, आणि वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही अशी पाण्याची झडप. बेकरीचे यीस्टही काम करते. मात्र ते नीट तळाशी बसत नाही आणि पावाचा वास मागे ठेवते. खरा प्रश्न तापमानाचा. यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. नगरला मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. त्या उकाड्यात आंबवलेला रस उग्र, डोके चढवणारा होतो, कारण यीस्ट घाईघाईने जड मद्यार्क बनवते. उलट डिसेंबर-जानेवारीत नगर हे राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक असते, पारा दहाच्या खाली उतरतो. घराच्या आतल्या खोलीत त्या दिवसांत मिळणारे तापमान सायडरला नेमके लागू पडते. इंग्लंडातही सायडर शरदात घातली जाते आणि हिवाळाभर सावकाश मुरते. हवामानाच्या हिशेबात दोन महिन्यांपुरते नगर तिकडच्या सायडरच्या मुलखाच्या, सॉमरसेटच्या, जवळ जाते म्हणायचे.

आता फळांचा गंध. यात नवशिका जी चूक करतो ती ठरलेली: रसात फळ सुरुवातीलाच घालणे. आंबताना कार्बन डायऑक्साइड जोराने बाहेर पडतो आणि फळाचा नाजूक वासही सोबत घेऊन जातो. म्हणून आधी साधी सायडर पूर्ण होऊ द्यायची, गाळावरून दुसऱ्या भांड्यात काढायची आणि मग फळ. तेही आधी गोठवून घेतलेले, कारण बर्फाने पेशी फुटतात आणि रस सुटतो. जोर ओसरलेला असतो, मद्यार्क तयार असतो, त्यात रंग आणि वास चांगला उतरतो. फळातल्या साखरेमुळे पुन्हा थोडे आंबते, एवढे धरून चालायचे.

नगरच्या फळांत डाळिंबाचा क्रम पहिला. भगव्या डाळिंबाच्या रसात साखर सफरचंदापेक्षा जास्तच असते, पंधरा-सोळा ब्रिक्सपर्यंत. मग सफरचंदाच्या खोक्याची गरजच काय, असे कुणी विचारले तर प्रश्न बिनतोड आहे. राहुरीच्या विद्यापीठातील अडसूळ, कोटेचा आणि कदम या संशोधकांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच डाळिंबाची वाइन करून तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. हे काम प्रयोगशाळेपुरते राहिले. डाळिंबाची अडचण टॅनिनची: दाण्यासोबत पांढरी साल किंवा पडदा चिरडला गेला की तुरटपणा जिभेला चिकटतो. सफरचंदाचा रस इथे पातळ, मवाळ पाया देतो आणि डाळिंब त्यावर रंग चढवते. लाल रंग टिकवायला आम्लता हवी. लिंबू तालुका ओलांडला की मिळते.

पेरूचे उलट आहे. वास इतका की बंद पिशवीतून खोलीभर होतो, पण पेक्टिन भरपूर. गर घातला की सायडर गढूळ होते आणि गढूळच राहते, पेक्टिन मोडणारे विकर घातल्याशिवाय निवळत नाही. मला व्यक्तिशः गढूळ पेयाचे वावडे नाही. ताक पिणाऱ्या माणसाला असू नये. जांभूळ रंगाला आणि तुरटपणाला उत्तम, करवंदात आम्ल जास्त. सीताफळाच्या वाटेला जाऊ नये.

गोड सायडर हवी असेल तर मात्र गणित अवघड होते. यीस्ट जिवंत असताना साखर घातली की ते ती खाते. बाटलीचे झाकण घट्ट असेल तर वायूचा दाब वाढतो आणि काचेची बाटली फुटते. घरगुती सायडरमधला खरा, मोजता येणारा धोका हा आहे. अनुभवी लोक एक तरी बाटली प्लास्टिकची भरतात; ती दगडासारखी कडक झाली की सगळ्या शीतकपाटात जातात. किंवा न आंबणारा गोडवा वापरतात. हवा लागली तर दुसरा उपद्रव: चिलटे ॲसिटोबॅक्टर घेऊन येतात आणि सायडरचे व्हिनेगर होते.

लोकांना भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दारूने माणसे मेली, अशी बातमी वाचलेल्या कुणालाही घरी केलेले मद्य म्हणजे विष वाटते, आणि आपल्याकडे असे वाटायला कारण आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर लोक गेले. फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत, नगर तालुक्यातल्या पांगरमलला दारूकांड झाले आणि तपासाचा धागा थेट जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनपर्यंत गेला. अशा बनावट दारूत, मालवणीत झाले तसे, कारखान्यांत वापरायचे मिथेनॉल मिसळले जाते. फळ आंबवताना पेक्टिनमधून मिथेनॉलचा अंश सुटतो, पण तो इतका थोडा की त्याने कुणी मरत नाही. फळांच्या रसातही तो थोडाबहुत असतोच. सायडर गाळायची नसते, उकळायची नसते, त्यात बाहेरचा मद्यार्क घालायचा नसतो. भट्टी लावणे हा निराळा, धोक्याचा उद्योग आहे आणि त्याचा इथे विषय नाही.

इतके सगळे सांगून झाल्यावर कायदा सांगायला हवा, कारण महाराष्ट्रात यातले काहीही घरी करणे गुन्हा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आजही, महाराष्ट्राच्या नावाने, लागू आहे. त्यात 'मद्य' म्हणजे स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि मद्यार्क असलेला कोणताही द्रव. परवान्याशिवाय मद्य तयार करायला बंदी, आणि त्यासाठी लागणारी भांडी, साहित्य बाळगणेसुद्धा शिक्षेला पात्र. पाच लिटरच्या बरणीत डाळिंबाची सायडर घालणारा आणि नाल्याकाठी काळा गूळ-नवसागर कुजवणारा, दोघे एकाच कलमाखाली येतात. छाप्याच्या बातमीत 'गावठी दारूचे कच्चे रसायन जागीच नष्ट केले' असे वाक्य असते. सायडरच्या बरणीचाही पंचनामा त्याच शब्दांत होईल. याच कायद्याने पिण्यासाठीही परवाना लागतो आणि तो एका दिवसापुरता पाच रुपयांत दुकानावर मिळतो. तयार करण्याला असा पाच रुपयांचा परवाना नाही.

गंमत म्हणजे ज्या अमेरिकेच्या दारूबंदीचे दाखले आपल्याकडे दिले गेले, तिथला कायदा याबाबत सैल होता. १९१९ च्या व्होल्स्टेड कायद्यात घरापुरती सायडर आणि फळांचे रस करायला मुभा होती, ती नशा आणणारी नसावी एवढी अट. आणि शेतकऱ्याच्या तळघरात जाऊन ती अट कोण तपासणार? आज अमेरिकेत सायडर वाइनमध्ये मोडते आणि दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर, स्वतःपुरती करता येते. विकता येत नाही. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठीचा परवाना १९६३ साली रेजिनाल्ड मॉडलिंग यांच्या अर्थसंकल्पाने काढून टाकला. नगरहून तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबाने आपल्या गॅरेजमध्ये सायडर घातली तर तो छंद, आणि आईवडिलांकडे सुट्टीत येऊन घातली तर गुन्हा.

आपल्या कायद्यालाही अपवाद सुचत नाहीत असे नाही. द्राक्षासव, कुमारी आसव, अशोकारिष्ट ही औषधे आंबवूनच होतात. शार्ङ्गधरसंहितेने आसव आणि अरिष्ट यांतला भेद काढ्यावरून सांगितला आहे. त्यात धायटीची फुले घालायची परंपरा आहे, आणि धायटी हरिश्चंद्रगडाच्या परिसरातही फुलते. त्यात आपोआप तयार होणारा मद्यार्क सायडरपेक्षा कमी असतोच असे नाही. पण औषध म्हणून त्यांना वेगळी वाट आहे. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधनांवरची बंदी रद्द केली आणि बाकीचा दारूबंदी कायदा बहुतांश कायम ठेवला. म्हणजे आंबवणे ही क्रिया कायद्याला मुळात वर्ज्य नाही. ती कोणाच्या हातून, कोणत्या नावाने होते यावर सगळे आहे.

परवाना काढून फळांचे मद्य करणारे राज्यात आहेत आणि या आढाव्यात त्यांची नोंद हवीच. पुण्याच्या मूनशाइन मीडरीने (रोहन रेहानी आणि नितीन विश्वास) मधापासूनचे मीड बाजारात आणले. त्यांच्या प्रकारांत सफरचंदाचा रस घातलेले मीडही आहे. नाशिकला योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांच्या सेराना मीड्सने मधाला जांभूळ आणि डाळिंबाची जोड दिली. बोर्डीच्या प्रियांका सावे यांनी चिकूची वाइन केली. मला यांत सेरानाचे डाळिंब सर्वांत बोलके वाटते: नगरला राहुरीत जे निबंधात राहिले ते शेजारच्या जिल्ह्यात बाटलीत उतरले. नाशिकला २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने वाट करून दिली होती. डाळिंबाला तसे धोरण लाभले नाही. तेल्या रोगाने डागाळलेली, पावसाने तडकलेली डाळिंबे राहात्याच्या लिलावात कवडीमोल जातात. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहफुले अशा स्थानिक फळाफुलांपासूनच्या मद्याला देशी दारूऐवजी 'विदेशी मद्य' या वर्गात घातले. मोह विदेशी कसा झाला हे सरकारलाच ठाऊक, पण दिशा बरी होती. तीही परवानाधारक उत्पादकापुरती.

त्याच वर्षी २७ जानेवारीला सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचे ठरवले, आणि उत्तर नगर जिल्ह्यातूनच आले. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या कामाची सुरुवात गावातल्या भट्ट्या बंद करण्यापासून झाली होती. त्यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाचा इशारा दिला, सरकारने लोकांच्या हरकती मागवण्याचे आश्वासन दिले, आणि ग्रामसभेनंतर उपोषण स्थगित झाले. ती वाइन दुकानांत काही आली नाही. गावात दारूबंदी व्हावी म्हणून आडव्या बाटलीसाठी मतदानाला रांग लावणाऱ्या बायकांना द्राक्षाची वाइन आणि मळीची दारू यांतला फरक समजत नाही, असे म्हणणारे शहरी लोक मला उथळ वाटतात. त्यांना फरक समजतो. संध्याकाळी घरी येणारा माणूस काय प्यायला हा त्यांचा प्रश्न नसतो, किती प्यायला हा असतो. आणि साडेसहा टक्के हे काही शून्य नव्हे.

तरीही घरगुती सायडरपुरते माझे मत सरकारच्या बाजूचे नाही. वर्षाला ठरावीक लिटर, फक्त फळाचा रस किंवा मध, भट्टीला आणि विक्रीला सक्त बंदी, बिअर-वाइनला आज लागू असलेली २१ वर्षांची वयोमर्यादा कायम, एवढी सूट कायद्यात बसवता येईल. तिने हातभट्टी वाढणार नाही, कारण हातभट्टीचे अर्थकारण स्वस्त मद्यार्काचे आहे आणि लिटरला शंभराच्या पुढे जाणाऱ्या रसातून स्वस्त दारू होत नाही. राळेगणचा आक्षेप विक्रीला होता, तो इथे लागू पडत नाही. ज्या घरात एक माणूस पिण्याने वाया गेला आहे त्या घरात मात्र बरणी स्वयंपाकघरातच राहील, कुलूप लावून ठेवायच्या दुकानात नाही, आणि या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. कायदा बदलेपर्यंत ज्याला हात चालवायचेच आहेत त्याने सोलनच्या परमार विद्यापीठात व्ही. के. जोशी यांनी सायडर आणि फळांच्या मद्यांवर केलेले काम वाचावे, आणि प्रत्यक्ष बरणी परवाना असलेल्या वायनरीत जाऊन पाहावी.